ठरलेला रस्ता सोडून : एकट्याने केलेल्या लांबच्या प्रवासातली आयत्या वेळची वळणं

देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीने गेलेल्यांची वर्णनं भरपूर वाचायला मिळतात. कुठली गाडी, टोल किती गेला, मुक्काम कुठे केला, सगळं असतं. मला हवं असतं ते मात्र नेमकं एका ओळीत उरकलेलं असतं : "वाटेत अचानक अमुक ठिकाणी वळलो, मजा आली." म्हणून हा धागा, प्रत्येकाने आपापलं वळण लिहायचा : तेच जरा सविस्तर सांगा.

अटी फार नाहीत. एकटे असायला हवात. घर सोडताना ते ठिकाण डोक्यात नसावं. नकाशावर आधीच चांदणी टोचून ठेवलेली ठिकाणं इथे धरायची नाहीत. घराजवळची रविवारची भटकंतीही नको, दोन-तीन राज्यं ओलांडून चाललेला प्रवास हवा. नुसती यादीही नको. वळलात का, त्यापायी काय मोजावं लागलं आणि सोबत कोणी असतं तर वळला असतात का, एवढं सांगा.

एकट्याला वळणं सोपं, कारण विचारायला कोणी नसतं, असं म्हणतात. माझ्या मते हे अर्धंच खरं. विचारायला कोणी नसतं तसं गाडीपाशी थांबायलाही कोणी नसतं, आणि मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणायलाही नसतं. उजेड किती उरलाय आणि टाकीत किती आहे, हे दोनच सल्लागार.

करा सुरुवात.

* * *

हैदराबादहून बंगळुरूला चाललो होतो, तिथून पुढे कन्याकुमारी. कर्नूल सोडलं की ४४ नंबरचा महामार्ग इतका सरळ आणि रुंद होतो की डोळ्यांवर झापड येते. डोन मागे पडलं आणि बऱ्याच वेळाने एक उघडाबोडका डोंगर दिसायला लागला. त्याच्या अंगावर रेघा होत्या. जवळ गेल्यावर कळलं, तटबंदी आहे. पाटीवर 'गुत्ती' वाचलं आणि एकदम पेटलं : गुत्तीकर घोरपडे! मराठा सरदार मुराररावांचं गुत्ती ते हेच. आजोबांच्या तोंडी हे नाव असायचं, पण ते गाव आपल्या रस्त्यावर पडतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इंडिकेटर दिला आणि बाहेर पडलो.

पायथ्याशी पोचल्यावर खरा प्रश्न आला. मागच्या सीटवर दोन बॅगा, लॅपटॉप, कॅमेरा. डोंगर चढून उतरायला निदान अडीच-तीन तास. एकटा माणूस अशा वेळी गाडीभोवती चकरा मारतो, तशा मारल्या. एका घराच्या अंगणात एक आजी चिंचा फोडत बसल्या होत्या. मला तेलुगू येत नाही, त्यांना बाकी काही येत नव्हतं. मी गाडीकडे बोट दाखवलं, मग गडाकडे, मग हात जोडले. आजींनी हातातला वरवंट्याएवढा दगड खाली ठेवला आणि हातवारे करायला लागल्या. पुढे घे. अजून पुढे. नाही, मागे. निंबाच्या सावलीत गाडी छान बसली होती, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी कळलं की त्यांना जागेवरून न हलता गाडीचं मागचं दार दिसायला हवं होतं. तसं दिसल्यावर त्यांनी दगड उचलला आणि परत चिंचा सुरू.

गड चांगलाच दमवतो. दरवाज्यामागून दरवाजे, मधे पायऱ्या, मधे नुसता तापलेला कातळ. वर कड्याच्या अगदी टोकाला चुन्याच्या गिलाव्याचा लहानसा मंडप आहे, त्याला मुराररावांची बैठक म्हणतात. तिथून खाली महामार्गावरचे ट्रक आणि रेल्वे जंक्शनचे रूळ दिसतात. हैदर अलीने १७७६ च्या सुमाराला गुत्ती घेतली ती वेढा घालून. गडावरचं पाणी संपलं आणि मुराररावांना शरण जावं लागलं. पुढे ते कैदेतच वारले. हे मला माहीत होतं, पण तिथे बसून बाटली तोंडाला लावली आणि तळाचा शेवटचा घोट आला, तेव्हा ते वाक्य वेगळं ऐकू आलं. विहिरी आणि टाकी अजून आहेत वर, पण ते पाणी पिण्यातलं नाही.

पायथ्याला एक जुनी इंग्रजांची दफनभूमी आहे. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो १८२७ साली जवळच पत्तिकोंड्याला पटकीने मेला, त्याला आधी इथे पुरलं होतं. पुढे अवशेष मद्रासला हलवले. रयतवारी म्हणून शाळेत जे पाठ केलं ते याच मन्रोचं.

खाली आलो तेव्हा आजी तिथेच. मूठभर चिंचा हातावर ठेवल्या, पैसे काढले तर दगड उगारला. वळणाची किंमत बंगळुरूत चुकवली. संध्याकाळी पाचला पोचायचं ते रात्री हेब्बाळच्या उड्डाणपुलावर, त्या वेळच्या सगळ्या बंगळुरूबरोबर. बायको-मुलं असती तर? नसतोच वळलो. मुलं वर चढली असती, पण त्याआधी गाडीत बसून "काय आहे तिथे बघायला" यावर तासभर चर्चा झाली असती.

* * *

मी बाई आहे आणि एकटी चालवते, त्यामुळे माझी वळणं जरा हिशेबी असतात. दुपारी तीननंतर अनोळखी आडरस्त्याला मी लागत नाही. अंधार पडायच्या आत परत मोठ्या रस्त्यावर यायचं, हा नियम. बाकी सगळं चालतं.

जळगावहून निघून बुऱ्हाणपूर, खंडवा करत इंदूरला चालले होते, तिथून पुढे राजस्थान. सनावदच्या अलीकडे पंपावर थांबले, तर पुढे मोरटक्क्याच्या पुलाच्या तोंडाशी ट्रक आडवा झालाय, दोन-तीन तास काही हलत नाही, असं कळलं. नर्मदेवरचा पूल, दुसरीकडून जायचं म्हणजे मोठाच वळसा. हवा भरणाऱ्या मुलाने गाडीची एमएच नंबरप्लेट पाहिली आणि सहज म्हणाला, "मैडम, तब तक पेशवा की समाधि देख आइए."

रावेरखेडी! थोरल्या बाजीरावांचं निधन नर्मदेकाठी झालं एवढं माहीत होतं. २८ एप्रिल १७४० ही तारीखही पाठ होती. पण ती जागा इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे याचा पत्ता नव्हता. घड्याळात पावणेबारा. म्हटलं चला.

हा भाग मिरचीचा. बेडियाची मिरची मंडी मोठी नावाजलेली. जानेवारी होता आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत, खळ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली. काच खाली होती. सलग शिंका, डोळ्यांतून पाणी, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने काचेचं बटण. काच वर केली तर आत अडकलेली धूळ आणखीच वाईट, कारण ती बाहेर जायला जागाच नाही. शेवटी गाडी कडेला घेऊन चारही दारं उघडून उभी राहिले. ट्रॅक्टरवरून चाललेल्या बायका मला बघून खो खो हसत होत्या. त्यांनाच रस्ता विचारला. हेही माझं ठरलेलं आहे : शक्यतो बायकांना विचारायचं, आणि "अकेली हो?" असं कोणी विचारलं की "पीछे दूसरी गाड़ी आ रही है" म्हणायचं. ती दुसरी गाडी आजवर कधी आलेली नाही.

समाधी नदीकाठी आहे. धर्मशाळेसारखं चौकोनी, भक्कम भिंतींचं आवार आणि मधे दगडी चौथरा. शिंद्यांनी बांधली. मी गेले तेव्हा एक काका झाडत होते, बाकी चिटपाखरू नाही. काकांनी झाडू बाजूला ठेवून विचारलं, पुण्याच्या का? मी नाशिकची, पण हो म्हटलं. मग त्यांनी मला पुण्याची सगळी खुशाली विचारली आणि मीही दिली.

एक खटकलं तेही सांगते. शनिवारवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते, सेल्फी काढायला रांगा. इथे वहीत आधीच्या आठवड्यातली नावं एका पानावर मावत होती. मीही पूल बंद नसता तर सरळच गेले असते म्हणा.

परत आले तोवर पूल सुटला होता. वेळेच्या हिशेबात काहीच गेलं नाही. रांगेत बसण्याऐवजी फिरून आले.

* * *

मी जरा उलटा सूर लावतो. आयत्या वेळच्या वळणांचं इथे फारच कौतुक चाललंय. दहा वळणांपैकी सात फुकट जातात आणि ती कोणी लिहीत नाही.

नागपूरहून कोलकात्याला, ५३ नंबरच्या रस्त्याने. छत्तीसगडमध्ये काम चालू होतं, मोबाईलवरच्या नकाशाने "जलद मार्ग" सुचवला आणि मला एका कालव्याच्या भरावावर नेऊन सोडलं. आधी डांबर, मग खडी, मग माती, मग दोन चाकोऱ्या आणि मधे गुडघाभर गवत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दहा फूट खाली भातखाचरं. वळवायला जागा नाही. आणि पुढे रस्ता तुटलेला. नकाशावरची बाई शांतपणे "सरळ चालत रहा" म्हणतेय.

तर मंडळी, भरावावरून एकट्याने रिव्हर्स. आरशात फक्त गवत. मागचा कॅमेरा चिखलाने आंधळा. पन्नास पावलं मागे घ्यायची, हँडब्रेक, उतरायचं, मागे जाऊन चाक कडेपासून किती आहे ते बघायचं, परत बसायचं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मधे एक म्हैस येऊन मागे उभी राहिली आणि तिला माझ्यापेक्षा घाई कमी होती. शेवटी सायकलवरच्या शाळकरी पोराने मागे चालत जाऊन "आवन दे, आवन दे" केलं तेव्हा सुटलो.

नकाशा वेळ मोजतो, रस्त्याची जात नाही. पायवाटेलाही तो रस्ताच समजतो. म्हणून आता एकच करतो. फाट्यावर थांबून पाच मिनिटं बघायचं, त्या रस्त्याने एसटी किंवा मालाचा ट्रक बाहेर येतोय का. येत असेल तर रस्ता आहे. नुसत्या मोटारसायकली येत असतील तर आपण आपले मोठ्या रस्त्याने.

अगदीच रडका वाटू नये म्हणून फायद्याचं एक वळण. त्याच प्रवासात पुढे संबळपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर हुमा नावाच्या गावी महानदीकाठी शंकराचं कललेलं देऊळ आहे. खरोखर कललेलं. नदीत देवाचे मासे, त्यांना कोणी धरत नाही. बघून अर्ध्या तासात परत रस्त्याला. वळण असं असावं.

* * *

दिल्लीहून मनालीकडे जाताना पानिपत येतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी नव्वद टक्के मराठी माणसं थांबत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. शहरावरून उंच उड्डाणरस्ता गेलाय, दहा मिनिटांत पानिपत तुमच्या खालून निघून जातं. मीही तसाच निघालो होतो, पण वरून 'पानिपत' अशी हिरवी पाटी गेली आणि घशात काहीतरी अडकलं. पुढच्या संधीला यू टर्न.

काला अंब, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं स्मारक, म्हटलं तर बाग आणि तिच्यात एक विटांचा स्तंभ, बस. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाला शोभेल असं काही तिथे उभं आहे असं नाही. आंब्याचं झाडही केव्हाच गेलं. मुलं क्रिकेट खेळत होती. मला जे मिळालं ते बाहेर, चहाच्या टपरीवर. गाडीचा नंबर बघून एक आजोबा आले, म्हणाले, "हम भी मराठे हैं." हरियाणातला 'रोड' नावाचा समाज स्वतःला त्या युद्धातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो, हे वाचलं होतं. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, तेही ठाऊक होतं. पण समोर पागोटं बांधलेला माणूस हात हातात घेऊन सांगत असताना मी काय संदर्भ मागणार? चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

मनालीला त्या दिवशी पोचणं शक्यच नव्हतं, चंदीगडला मुक्काम केला.

* * *

गुत्ती, रावेरखेडी, पानिपत... आपण मराठी लोक रस्ता चुकलो तरी मराठेच सापडवतो!

माझं वळण कच्छचं. जोधपूरकडून येऊन भुजला मुक्काम, दुसऱ्या दिवशी नुसतं धोरडोचं पांढरं रण बघून परत फिरायचं, असं ठरलेलं. खावड्याच्या अलीकडे कर्कवृत्ताची पाटी आहे, तिथे फोटो काढायला थांबलो होतो. समोरून आलेल्या एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून काडेपेटी मागितली आणि बोलता बोलता म्हणाला, "धोळावीरा अब सीधा जाता है, रण के बीच से."

धोळावीरा म्हणजे हडप्पा संस्कृतीतलं जुनं शहर. जुन्या रस्त्याने भुजहून तिथे जायचं म्हणजे भचाऊ-रापरकडून दोनशेच्या वर किलोमीटरचा फेरा. आता खावड्याहून थेट खदिर बेटावर रस्ता गेलाय, त्यातले तीसेक किलोमीटर रणातून. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत काहीच नाही. डावीकडे मीठ सुकलेलं, उजवीकडे अजून ओलं, त्यामुळे एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला आभाळ पडलेलं. वेगाचा अंदाज अजिबात येत नाही, कारण मागे जाणारं झाड नाही की खांब नाही. काट्याकडे बघूनच चालवायचं. वाऱ्याने गाडी डुलते. मधे उतरून मिठावर पाय ठेवला तर वरचा पापुद्रा कडक आणि खाली काळा चिखल, बूट घोट्यापर्यंत आत. गाडी कडेला उतरवू नका हे वेगळं सांगायला नको.

धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. मी इतिहासवाला नाही, पण ते हौद बघून गप्प झालो. एवढ्या कोरड्या मुलखात साडेचार हजार वर्षांपूर्वी खडक कापून, पायऱ्या सोडून हौद केलेत. दोन ओढ्यांना बांध घालून पावसाचं पाणी त्यांत वळवायचे. आणि आम्ही टँकर मोजतो.

पेट्रोल भुजलाच भरून घ्या. मोबाईलची रेंज मधे पार जाते, म्हणून घरी आधी कळवून ठेवा. नाहीतर माझ्यासारखे बेटावर पोचताच आईचे ओळीने मिस्ड कॉल बघावे लागतील.

* * *

मी या सगळ्यात म्हातारा. ऐंशीच्या दशकात स्कूटरवरून फिरायचो, नकाशा म्हणजे घडी फाटलेला कागद आणि खरा वाटाड्या रस्त्याकडेचा दगड. मैलाच्या दगडाच्या डोक्याचा रंग बघायचो. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. अलीकडे केशरी दिसतो, तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा, म्हणजे खेडेगावाकडे जाणारा. पिवळ्यावरून हिरव्यावर मी डोळे मिटून वळायचो. रस्ता बरा असणार आणि पुढे तालुक्याचं गाव, म्हणजे पंक्चरवाला आणि खोली नक्की.

आणखी एक, नवीन मुलांना माहीत नसतं म्हणून सांगतो. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले, त्याला हिशेब आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तीन आकडी नंबर म्हणजे शाखा, शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे. म्हणजे ४४ वरून जाताना १४४ किंवा ३४४ अशी पाटी दिसली तर ती त्याच्याच अंगाची फांदी. मोबाईल बंद पडला तरी एवढ्यावर दिशा कळते. आमच्या वेळी वाराणसी ते कन्याकुमारी ७ नंबर होता. माझ्या तोंडी अजून तोच आहे, टोलवाले हसतात.

एकट्याने का, असं कोणी विचारेल. त्या काळी स्कूटरवर माझ्यामागे बसून हजार मैल यायला तयार असलेला माणूस भेटला नाही, एवढंच कारण.

* * *

दुचाकीवरून मनाली-लेह. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा त्रास संपलाय, नऊ किलोमीटर आत शिरायचं आणि लाहौलमध्ये बाहेर. बाहेर पडल्यावर डावीकडे सिस्सू, केलांग आणि लेह. उजवीकडे कोकसर, ग्राम्फू आणि तिथून स्पिती. मी डावीकडे जाणार होतो. पण सकाळची वेळ, डावीकडे पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. उजवीकडे एक मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या. हँडल आपोआप वळलं.

ग्राम्फूच्या पुढे डांबर सरत गेलं आणि नंतर गोटेच. नदीपात्रात असतात तसले वाटोळे दगड, त्यावरून पुढचं चाक मनाला येईल तिकडे जातं. बसून चालवाल तर कंबर जाते, फूटरेस्टवर उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून चालवायचं. छत्रू गाठेपर्यंत ठीक होतं. पुढे नाले.

नाल्यांचं गणित समजून घ्या, कारण एकट्याला त्यावर सगळं आहे. हे पाणी पावसाचं नसतं, वर वितळणाऱ्या बर्फाचं असतं. रात्री गारठतं, पाणी ओसरतं. पहाटे नाला घोट्याएवढा असतो. ऊन चढलं की बर्फ सुटतं आणि ते पाणी खाली पोचतं ते दुपारनंतर. सकाळी हसत ओलांडलेला नाला चारला मांडीपर्यंत येतो. मी एका मोठ्या नाल्यापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाणी मातकट, तळ दिसत नाही, आणि आतून दगड गडगडत गेल्याचा आवाज. तो आवाज ऐकला की उतरायचं नाही, असं मला एका मिलिटरीतल्या माणसाने पूर्वी सांगितलं होतं.

सोबत कोणी असतं तर दोघांनी गाडी ढकलून नेली असती. एकट्याने गाडी आडवी झाली तर उचलणार कोण? थांबलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मग मागून सफरचंदाच्या रिकाम्या क्रेट्सनी भरलेला एक पिकअप आला. ड्रायव्हर उतरला, पाण्याकडे बघितलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "सुबह." एवढंच. त्याच्या शेजारच्या सीटवर रात्र काढली. बाहेर चंद्रा नदीचा आवाज आणि आत त्याचं घोरणं, कुठलं मोठं हे सांगता येणार नाही. मधेच उठून त्याने काचेवरचं बर्फ वर्तमानपत्राने पुसलं, माझ्या पायांवर एक गोणपाट टाकलं आणि परत घोरायला लागला.

सकाळी साडेपाचला तोच नाला बघून हसू आलं. तरी आधी चालत ओलांडला, पायाने दगड चाचपले, रेषा ठरवली. पहिला गिअर, हाफ क्लच, रेस कमी करायची नाही, मधे पाय टेकायचा नाही, नजर समोरच्या काठावर. सायलेन्सरचं तोंड पाण्यात गेलं तरी इंजिन चालू आहे तोवर पाणी आत शिरत नाही. बंद पडलं की मात्र लगेच सेल्फ मारू नका.

बातलपासून चंद्रतालकडे वळलो, कारण एवढं आल्यावर न वळणं हा वेडेपणा होता. तलावाबद्दल लिहीत नाही, फोटो पाहिजे तेवढे मिळतात. लेह त्या वर्षी राहिलंच. पेट्रोलचं सांगतो : मनाली सोडल्यावर त्या बाजूला भरवशाचा पंप काझालाच. मी लेहच्या तयारीने जादा कॅन घेतला होता म्हणून निभावलं.

* * *

रावेरखेडीवाल्या ताई, बंद पूल, घाट, जत्रा असल्या अडथळ्यांमुळे घेतलेली वळणं यात धरायची का? ते वळण तुम्ही घेतलं की रस्त्याने?

* * *

धरायची हो. थांबून राहणारे शंभर होते तिथे, मी वळले. आणि तुम्ही स्वतःचं काही न लिहिता नुसते नियम काढू नका.

* * *

बरं, लिहितो. विजापूर बघून हंपीला चाललो होतो. वाटेत उजवीकडे वळलो, काहीही नव्हतं, परत आलो. झालं.

* * *

आत्ता झाशीत आहे, एकटाच, कारने, उद्या आग्र्याला पोचायचंय. ४४ वर दिवसभरात बसेल असं काही आहे का? ग्वाल्हेरचा किल्ला झालाय. (आता विचारून घेतलेलं वळण धाग्यात बसत नाही, माहीत आहे.)

* * *

बसत नाही, पण सांगतो. ग्वाल्हेर-मुरैनाच्या बाजूला बटेश्वर, पडावली आणि मितावली, तिन्ही एकमेकांच्या जवळ. बटेश्वरला लहान लहान मंदिरांचा नुसता ढीग होता, दगड दगड सुटून पडलेला. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी ती एकेक उभी करायला घेतली. दोनशेच्या आसपास देवळं होती म्हणतात. तो डाकूंचा मुलूख, त्यांच्याशी बोलणी करून काम सुरू करावं लागलं होतं. काही देवळं उभी आहेत, काहींचे दगड अजून रांगेने मांडून ठेवलेत, ते बघण्यात जास्त वेळ जातो. कुठला दगड कुठल्या देवळाचा हे ओळखायचा खेळ मी बराच वेळ खेळलो, एकही जमला नाही.

मितावलीला टेकडीवर चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर आहे. जुनी संसद यावरूनच बांधली असं तिथे प्रत्येक जण ठासून सांगेल, त्याला पुरावा काही नाही, पण वाद घालू नका, उशीर होईल. सकाळी लवकर निघा, आधी मितावली करा कारण चढ आहे आणि सावली नाही, मग पडावली, शेवटी बटेश्वर. खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, झाशीतूनच बांधून घ्या. अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर समोरून येतात आणि ते बाजूला होत नाहीत. तिथून परत ४४ ला लागून धोलपूरच्या अलीकडे चंबळच्या पुलावर उजेडी पोचलात तर पुलावर गाडी थांबवू नका, पलीकडे कडेला लावून चालत मागे या. थंडीत वाळूवर घडियाल ऊन खात पडलेले असतात. दुर्बीण असेल तर वरच काढून ठेवा, सामानाच्या तळाशी नको.